सासर विलायतेचें, नागरिकत्व कोठचें ?

२०२५ सालच्या तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आमची पुतणी लंडनहून घरीं आली. दीड वर्षानें आली होती. आल्याआल्या ती आईच्या अंथरुणाशीं जाऊन बसली, आणि मग रात्रीं जेवणेंखाणें आटोपल्यावर तिनें पिशवींतून एक निळें पुस्तक काढून वडिलांच्या पुढें ठेवलें. तो तिचा भारतीय पासपोर्ट होता. त्यावर रद्द केल्याचा शिक्का पडला होता. दादांनीं, म्हणजे आमच्या वडील बंधूंनीं, चष्मा लावून तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला, आणि कांहीं न बोलतां आपल्या दस्तऐवजांच्या पेटींत घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवून दिला.

हा पासपोर्ट रद्द होण्यापूर्वीं आमच्या घरांत वर्ष-दीड वर्ष जो खल झाला, तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां होणार आहे. आपल्या समाजांत असें कुटुंब आतां विरळाच, कीं ज्याची एखादी मुलगी, भाची किंवा मुलगा विलायतेस नाहीं. आणि त्यांतील कित्येकांनीं तेथल्या नागरिकांशीं विवाह केले आहेत. कायमच्या वास्तव्याचा परवाना हातीं आल्यावर पुढचें पाऊल टाकून ब्रिटिश नागरिक व्हावें कीं न व्हावें, हा प्रश्न मग एकट्या मुलीचा राहत नाहीं. तो माजघरांत येतो. आम्ही वकील नव्हों. परंतु या खटाटोपांत जें वाचलें, विचारलें आणि अनुभवलें, तें येथें सांगणें उपयोगाचें होईल असें वाटतें.

प्रथम एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजाशीं लग्न लागलें कीं बायको आपोआप इंग्रज होते, असें आमच्या मातोश्री शेवटपर्यंत समजत असत. त्यांची समजूत अगदींच निराधार नव्हती. ती फक्त जुनी होती. १८४४ च्या कायद्यानें ब्रिटिश प्रजाजनाशीं विवाह करणारी परकी स्त्री खरोखरच आपोआप ब्रिटिश प्रजा होत असे. उलट १८७० च्या कायद्यानें परक्याशीं विवाह करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचें स्वतःचें राष्ट्रीयत्व नाहीसें होई. नवऱ्याचें जें गोत्र तें बायकोचें, हा आपल्याकडचा दंडक त्या लोकांनीं राष्ट्रीयत्वालाहि लावला होता म्हणाना ! १ जानेवारी १९४९ पासून हें बंद झालें. लग्नानें राष्ट्रीयत्व बदलेनासें झालें. मात्र ब्रिटिश नागरिकाच्या पत्नीस नोंदणी करून नागरिकत्व मागण्याचा हक्क मिळाला. तो पतीस नव्हता. स्त्री-पुरुषांस सारखें लेखणारा कायदा १९८१ सालीं झाला आणि १९८३ च्या पहिल्या दिवसापासून अंमलांत आला. आज जो अर्ज करावयाचा तो याच कायद्याच्या सहाव्या कलमाखालीं, आणि तो करणारा जांवई असो कीं सून, अटी त्याच. अर्ज मंजूर करणें सरकारच्या मर्जीवर असतें; विवाहानें वाट जवळची होते, इतकेंच.

आतां, ज्याला इंग्रजींत ‘इंडेफिनिट लीव्ह टु रिमेन’ म्हणतात तो कायमचा परवाना असतांना नागरिकत्वाची आवश्यकता ती काय ? दादांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो रास्त होता. आमची पुतणी २०१८ च्या शरदांत पत्नी या नात्याच्या व्हिसावर तिकडे गेली, मध्यंतरीं तो वाढवून घेतला, आणि पांच वर्षें पुरीं झाल्यावर २०२३ मध्यें तिला हा परवाना मिळाला. त्यावर तिला नोकरी करतां येत होती, घर घेतां येत होतें, सरकारी दवाखान्यांत औषधपाणी मिळत होतें. इतकेंच नव्हे, तर तिला तेथें मतहि देतां येत होतें ! हें ऐकून आम्ही चकित झालों. परंतु भारत राष्ट्रकुलांत असल्यामुळें तेथें रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकास पार्लमेंटच्या निवडणुकींत मताचा अधिकार आजहि आहे. म्हणजे ब्रिटिश नागरिक झाल्यानें तिकडचें नवें मत मिळत नाहीं; इकडचें मात्र जातें. हा जमाखर्च पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं.

मग परवान्यांत उणें काय ? उणें हें, कीं तो नांवाचाच कायमचा आहे. सलग दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशाबाहेर राहिल्यास तो सामान्यतः संपुष्टांत येतो. तरुण जोडप्याला यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु ज्या घरांत सासूसासरे इंग्लंडांत आणि आईबाप पुण्यांत, आणि दोन्ही बाजूंचीं माणसें सत्तरीच्या पुढें गेलेलीं, तेथें दोन वर्षें माहेरीं काढण्याची वेळ येणारच नाहीं असें कोणी छातीठोकपणें सांगावें ? नागरिकत्वास अशी मुदत नाहीं. नागरिक दहा वर्षें बाहेर राहो, त्याचें दार उघडें. शिवाय परवाना पुढेंमागें सरकारला काढून घेतां येतो, त्याचे नियम बदलतां येतात. हल्लीं तर त्याचें कार्डसुद्धां हातांत नसतें, सरकारदप्तरीं विजेच्या यंत्रांत एक नोंद असते. नागरिकत्व त्या मानानें फार पक्कें. पुतणीनें हा मार्ग धरला तो राजनिष्ठेनें नव्हे आणि हौसेनेंहि नव्हे. आईबापांकडे हवें तितकें राहतां यावें म्हणून. ही गोष्ट दादांना पटावयास फार दिवस लागले, कारण ती ऐकावयास उलटीच वाटते.

अटींपैकीं बहुतेक सोप्या आहेत. अवघड काय ती दिवसांची मोजणी. अर्जाच्या दिवशीं पति किंवा पत्नी ब्रिटिश नागरिक असली पाहिजे. तिच्याकडे केवळ कायमचा परवाना असेल तर ही वाट बंद. अर्जदारावर वास्तव्याच्या मुदतीचें बंधन त्या दिवशीं उरलेलें नसावें. इतरांना परवाना मिळाल्यावर आणखी बारा महिने थांबावें लागतें आणि त्यांची पांच वर्षें मोजली जातात. नागरिकाच्या जोडीदारास बारा महिन्यांची अट नाहीं आणि मोजावयाचीं तीनच वर्षें. त्या तीन वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस २७० हून अधिक नसावेत, आणि अखेरच्या बारा महिन्यांत ९० हून अधिक नसावेत. आणखी एक बारीक अट अशी, कीं अर्ज पोहोंचण्याच्या बरोबर तीन वर्षें आधींच्या दिवशीं मनुष्य त्या देशांत प्रत्यक्ष हजर असला पाहिजे. एखादा त्या दिवशीं नाताळच्या सुटींत मुंबईस असला तर अर्ज कोसळण्याची धास्ती.

आमच्या पुतणीचें गाडें अडलें तें याच ९० दिवसांवर. २०२४ च्या जानेवारींत वहिनींच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली. पुतणी १० जानेवारीस निघाली ती ९ मे रोजीं परत पोहोंचली. जाण्याचा आणि परत पोहोंचण्याचा दिवस धरीत नाहींत. मधले पूर्ण दिवस धरतात. ते झाले ११९. तिच्याजवळ एक लहान वही होती, तींत तिनें प्रत्येक प्रवासाच्या तारखा लिहून ठेविल्या होत्या. मे महिन्यांतच तिच्या यजमानांना अर्ज करून टाकावयाचा होता. वहीनें त्यांना थांबविलें. २९ दिवस जास्त झाले होते. हे २९ दिवस बारा महिन्यांच्या मागें पडेपर्यंत, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, अर्ज करण्यांत अर्थ नव्हता. थोडेसे दिवस जास्त झाले तर अधिकारी सवलत देऊं शकतात. परंतु सवलतीच्या भरंवशावर शेंकडों पौंड टाकणें तिला शहाणपणाचें वाटलें नाहीं. आणि जोंवर ती थांबली होती तोंवर पुनः घरीं येणेंहि तिला अवघड झालें. त्या वर्षीं गणपतीला ती आली नाहीं, दिवाळीलाहि आली नाहीं. वहिनी म्हणाल्या, “माझ्या दुखण्यानें पोरीचे दिवस खाल्ले.” पुतणीच्या कानांवर हें गेलें तेव्हां ती फोनवर किती वेळ बोललीच नाहीं.

परीक्षेविषयीं लोकांना फार भीति वाटते. ती अनाठायीं आहे. त्या देशाचा इतिहास, रीतिरिवाज आणि राज्यपद्धति यांवर २४ प्रश्न असतात, ४५ मिनिटांचा अवधि असतो आणि १८ बरोबर आले कीं झालें. फी ५० पौंड. कायमच्या परवान्याच्या वेळीं ती एकदां दिली असली तर पुनः द्यावी लागत नाहीं. सरकारी पुस्तक एक आहे, त्याबाहेरचें विचारीत नाहींत. आम्हीं तें कुतूहलानें वाचून पाहिलें. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची हकीकत त्यांत आहे, आणि १८१० सालीं लंडनांत हिंदुस्थानी जेवणाची पहिली खाणावळ काढणाऱ्या साके दीन महंमदाचीहि आहे. आपल्या विद्यार्थ्यांना शाळेंत इंग्लंडचा जो इतिहास घोकावा लागे त्याच्या मानानें हें कांहींच नाहीं. इंग्रजी भाषेचा पुरावा द्यावा लागतो; भारतांतील पदवी इंग्रजी माध्यमाची असली तर ती मान्य असल्याचा दाखला तिकडच्या संस्थेकडून घ्यावा लागतो. ज्यांचें वय पासष्ट किंवा अधिक त्यांना भाषा आणि परीक्षा दोन्ही माफ.

दोन ओळखदार लागतात. ते अर्जदाराचे किंवा परस्परांचे नातलग नसावेत आणि तीन वर्षांपासून ओळखत असावेत. त्यांपैकीं एक शिक्षक, डॉक्टर, हिशेबनीस असा प्रतिष्ठित व्यवसायाचा पाहिजे. दुसऱ्याजवळ ब्रिटिश पासपोर्ट असून तोहि तसाच व्यावसायिक अथवा पंचविशीच्या वरचा असावा. पुतणीनें शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेस विचारलें. आपल्याकडील मुली तिकडे गेल्या म्हणजे आपल्याच लोकांत वावरतात, आणि अशा वेळीं शेजाऱ्याचें नांवहि त्यांना ठाऊक नसतें; तिचें तसें नव्हतें, हें बरें झालें. चारित्र्याची चौकशी होते, तींत कोर्टांतील शिक्षा, थकलेला कर, पूर्वीं दिलेली खोटी माहिती हें सर्व पाहतात. लपवाछपवी ही मूळ चुकीपेक्षां घातक ठरते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

खर्च मात्र डोळे पांढरे करणारा आहे. तिनें अर्ज केला तेव्हां १,५०० पौंड अर्जाचे आणि १३० समारंभाचे पडले. एप्रिल २०२५ पासून अर्जाचेच १,६०५ झाले. अर्ज नामंजूर झाला तर अर्जाची फी परत मिळत नाहीं. नियमहि हालते आहेत. मे २०२५ मध्यें तिकडच्या सरकारनें श्वेतपत्रिका काढून कायमच्या परवान्यासाठीं सर्वसाधारणपणें पांचाऐवजीं दहा वर्षें लावण्याचा मनसुबा जाहीर केला. ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठीं पांचच वर्षें ठेवण्याचें त्यांत म्हटलें होतें. तात्पर्य, कोणाच्या नणंदेनें काय केलें यावर विसंबूं नये. अर्जाच्या दिवशीं सरकारी नियम स्वतः वाचावे.

इकडची बाजू अर्जाच्या कागदांत कोठेंच लिहिलेली नसते, आणि खरें जड तीच. इंग्लंडला दोन नागरिकत्वें चालतात. भारताला चालत नाहींत. १९५५ च्या आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याचें नववें कलम स्पष्ट आहे: स्वखुषीनें परक्या देशाचें नागरिकत्व घेतल्याबरोबर भारतीय नागरिकत्व संपतें. त्यासाठीं कोणी हुकूम काढावा लागत नाहीं. पासपोर्ट परत करून तो परत केल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि तत्पूर्वीं त्या पासपोर्टावर प्रवास केला तर तो गुन्हा. पुढें ‘ओसीआय’ नांवाची नोंदणी करतां येते. २००६ पासून चालू झालेल्या या व्यवस्थेच्या नांवांत नागरिकत्वाचा शब्द आहे, परंतु तें नागरिकत्व नव्हे. तो जन्मभराचा प्रवेशपरवाना आहे. त्यावर येथें मत नाहीं, सरकारी नोकरी नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं.

या शेवटच्या शब्दाशीं दादा ताठ बसले. वेंगुर्ल्याकडे आमच्या आजोबांची थोडी आंबराई आणि भाताची जमीन आहे. उत्पन्न म्हणाल तर पेटीभर आंबे आणि दरवर्षींचा एक वाद. परंतु ती जमीन आहे, आणि दादांच्या मनांतून तिचा एक तुकडा लेकीच्या नांवें बक्षीसपत्रानें करून द्यावयाचा होता. चौकशीअंतीं कळलें तें असें: अशा नोंदणीच्या मनुष्यास शेतजमीन खरेदीनें मिळत नाहीं, बक्षीसपत्रानेंहि मिळत नाहीं, वारसाहक्कानें मात्र मिळते. म्हणजे बापानें हयातींत दिलेली चालत नाहीं, मागें ठेविलेली चालते. दादांनीं वकिलाकडून हें दोनदां वदवून घेतलें आणि बक्षीसपत्राचा मसुदा फाडून मृत्युपत्राचा करावयास सांगितला. ज्यांच्या घरीं असा विचार असेल त्यांनीं तो अर्जाच्या आधीं करावा, मागाहून नव्हे.

परंतु जमिनीहूनहि त्यांना जें सलत होतें तें निराळें होतें. आमचे आजोबा १९३० सालीं शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहांत होते. जन्मानें ते ब्रिटिश प्रजाजनच. तेव्हां सारेच होतों. एका संध्याकाळीं दादा फोनवर लेकीस म्हणाले, “ज्या राजाची प्रजा म्हणवून घ्यावयास नको म्हणून तुझे पणजोबा मीठ उचलावयास गेले, त्याच्या नातीच्या मुलाची शपथ तूं पैसे भरून घेणार ?” पुतणी जरा वेळानें म्हणाली, “बाबा, पणजोबांना कोणी विचारलें नव्हतें. मला विचारताहेत, आणि मी नाहीं म्हणूं शकतें.” यावर दादा निरुत्तर झाले असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, “ठीक आहे, पण देवाच्या नांवानें घेऊं नको.” आणि तशी सोय आहे, ईश्वरास साक्षी न ठेवतां नुसती प्रतिज्ञाहि करतां येते. तिनें तीच केली. त्यांचें म्हणणें पटलें म्हणून केली कीं त्यांचा शब्द ठेविला, हें आम्हीं विचारलें नाहीं.

निर्णयास सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत लागतात. तिला जुलैंत पत्र आलें. पत्रानंतर तीन महिन्यांच्या आंत समारंभास हजर राहावें लागतें, आणि नागरिकत्व लागू होतें तें पत्रानें नव्हे, समारंभांत. असे समारंभ पूर्वीं नसत. पहिला झाला २००४ च्या फेब्रुवारींत, लंडनच्या ब्रेंट या भागांत, आणि आजचे राजे चार्ल्स तेव्हां युवराज म्हणून त्यास हजर होते. योगायोग असा, कीं आमची पुतणी याच ब्रेंटमध्यें राहते, आणि १९३२ पासून चालत आलेलें लंडनचें महाराष्ट्र मंडळहि तेथेंच डॉलिस हिलवर आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत तिचा समारंभ झाला. तिनें वहिनींची हिरवी नऊवार नव्हे, पण त्यांच्याच पेटींतली एक इरकल नेसली होती. जांवयांनीं मोबाइलवर तो आम्हांस दाखविला. पंधरावीस देशांचीं माणसें एका सुरांत प्रतिज्ञा म्हणत होतीं. वहिनींनीं पाहिलें, दादा त्या वेळीं बाहेर फिरावयास गेले होते.

आणि येथेंच तो खळगा लागला, ज्याची पूर्वसूचना आम्हांस कोणींच दिली नव्हती. समारंभाच्या क्षणापासून जुना पासपोर्ट चालत नाहीं. नवा आलेला नसतो. नव्यासाठीं अर्ज, त्यास आठवडे. तो आल्यावर जुना परत करण्याचा अर्ज. मग भारताचा व्हिसा. या मधल्या काळांत मनुष्य जागचें हलूं शकत नाहीं. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला वहिनी न्हाणीघरांत घसरून पडल्या आणि घोट्याचें हाड मोडलें. रात्रभर वेदना, सकाळीं ताप. पुतणीला कळविलें. एरवीं ती दुसऱ्या दिवशीं विमानांत बसली असती. आतां तिच्याजवळ प्रशस्तिपत्रासारखा एक सुंदर कागद होता आणि कोठलाच पासपोर्ट नव्हता. सुदैवानें ताप उतरला, दुखणें घोट्यावरच निभावलें. नाहीं तर काय झालें असतें, याचा विचार आम्ही अजून करीत नाहीं. यास्तव ज्या घरांत कोणी वृद्ध आजारी असेल, त्यांनीं समारंभाची तारीख त्या तीन महिन्यांच्या अवधींत विचार करून निवडावी. आधीं माहेरीं येऊन जावें, आणि मगच प्रतिज्ञा करावी. आमच्या पुतणीस हें साधलें असतें. तिला लवकरची तारीख मिळाली म्हणून सगळ्यांनीं तिचें अभिनंदन केलें होतें, त्यांत आम्हीहि होतों.

दिवाळी गेली आणि ती आली, ती वर सांगितल्याप्रमाणें तुळशीच्या लग्नाला. ओसीआयचा अर्ज व्हावयाचा होता. तूर्त साधा व्हिसा होता आणि त्यावर चार आठवडे. तारखांची ती लहान वही तिनें आणली नव्हती; तिकडचे दिवस आतां तिला कोणी विचारणार नव्हतें. स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयावर मात्र तिच्या व्हिसाच्या अखेरच्या तारखेभोंवतीं पेन्सिलीचें एक वर्तुळ होतें. तें वहिनींनीं अंथरुणावरून उठतां येऊं लागल्याबरोबर, भिंतीला धरून उभें राहून, स्वतः काढलें होतें.